पहिल्या तासाची झोप

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना एक जुनी कबुली देऊन टाकतो. नववीत असताना सकाळी सातच्या पहिल्या तासाला मी आठवड्यातून दोनदा तरी बाकावर उभा असे. गुन्हा एकच, डुलकी. लवकर निजणाऱ्या आणि लवकर उठणाऱ्याला काय काय लाभते हे सांगणारी म्हण समोरच्या भिंतीवर रंगवलेली होती. बाकावरून ती फार स्पष्ट दिसे. बेंगळुरूत जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यावर आज त्या मुलाचे वकीलपत्र घ्यावेसे वाटते, आणि त्यासाठीचा काही मोलाचा पुरावा याच शहरात सिद्ध झालेला आहे.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या थोडे वर, सुमारे २०,००० चेतापेशींचे एक केंद्र आहे. तेच आपले घड्याळ. बहुतेकांत त्याचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून रोजच्या उजेडाने ते लावून घ्यावे लागते. सकाळचा उजेड त्याला पुढे आणतो, रात्रीचा मागे रेटतो. अंधार पडला की याच केंद्राच्या इशाऱ्याने मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. जागेपणी मेंदूत साठत जाणारा झोपेचा दाब ही याहून निराळी गोष्ट. आपला चहा आणि इथली फिल्टर कॉफी तो दाब काही काळ जाणवू देत नाही, इतकेच. झोप केवळ थकव्यावर अवलंबून असती, तर रात्रपाळी संपवून आलेला माणूस सकाळी आठ तास गाढ झोपला असता. या शहरात अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे आपले माजी विद्यार्थी आज समोर बसले आहेत. तसे होत नाही हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. विजयकुमार शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाश्यांवर एक चिकाटीचा प्रयोग केला. कोशातून भल्या सकाळी बाहेर पडणाऱ्या माश्यांचा एक वंश आणि सायंकाळी बाहेर पडणाऱ्यांचा दुसरा, अशी निवड ते पिढ्यानुपिढ्या करीत गेले. पन्नासहून अधिक पिढ्यांनंतर दोन्ही वंशांची घड्याळेच वेगळी झालेली आढळली: सकाळच्यांचे जलद, सायंकाळच्यांचे संथ. माणूस म्हणजे माशी नव्हे, हे मान्य. पण कोणाला पहाटे आपोआप जाग येते आणि कोणाला हाका माराव्या लागतात, यात संस्कारांइतकाच वंशाचाही हात आहे.

त्यात वयाची भर पडते. म्युनिकच्या टिल रोएनबेर्ग यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की वयात येताना झोपेची वेळ उत्तरोत्तर पुढे सरकते, साधारण विसाव्या वर्षी ती सर्वांत उशिरावर पोहोचते आणि मग पुन्हा मागे येऊ लागते. म्हणजे ज्या वर्षांत आपण दहावीचे ओझे देतो, नेमकी तीच. या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते. रात्री अकराला डोळा लागणाऱ्या मुलाला पहाटे साडेपाचला उठवले तर हिशेब कुठून जुळणार?

शिवाय भिंतीवरचे घड्याळही सूर्याला धरून नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. सूर्याच्या हिशेबाने बेंगळुरू तिच्या सुमारे २० मिनिटे मागे, तर मुंबई जवळजवळ ३८ मिनिटे मागे. जानेवारीत मुंबईत सातची घंटा होते तेव्हा सूर्य उगवलेलाही नसतो.

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा शासननिर्णय निघाला. लहानग्यांची झोप वाचली, याचा आनंद आहे. पण घड्याळ खरे मागे पडते ते आठवी-नववी-दहावीचे, आणि ती मुले आजही सकाळच्या सत्रातच आहेत. इमारत एक, सत्रे दोन, बसगाड्या मोजक्या. व्यवस्थापनाची अडचण मी जाणतो. ती अडचण आहे असे उघड म्हणावे, मुलाला मात्र आळशी म्हणू नये.

पालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. प्रा. एम. के. चंद्रशेखरन हे पुढे याच जक्कूरच्या संस्थेत आले. त्याआधी मदुराईजवळच्या एका गुहेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळे पिंजऱ्यात ठेवली होती. आत सदैव अंधार. तरीही भोवतालच्या मुक्त थव्याच्या जाण्या-येण्यावरून कैद्यांचे घड्याळ बरोबर लागलेले राहिले. माणसावर उजेडाची सत्ता अधिक चालते, पण घर ही देखील एक गुहाच आहे. मोबाइलवरून मुलांना आपण रोज बोलतो, ते योग्यच. मात्र साडेनऊला जेवणारे, दिवाणखान्यातले लखलखीत दिवे अकरापर्यंत जळते ठेवणारे आणि रविवारी स्वतः नऊला उठणारे घर कोणाचे असते?

शाळेकडे माझे मागणे लहानसे आहे. मोठ्या वर्गांची चाचणी पहिल्या तासाला नसावी. सत्राची वेळ हलवता येत नसेल, तर उजाडल्यावरची पहिली पस्तीस मिनिटे मैदानावर उघड्या उजेडात जावीत आणि गणित नंतर यावे. एक वर्ष करून पाहावे आणि उपस्थितीपट तपासावा.

मला बाकावर उभे करणाऱ्या सरांना हे सारे परवा फोनवर सांगितले. ते खूप हसले. म्हणाले, “अरे, त्या तासाला मी तरी कुठे खुर्चीवर बसत होतो? बसलो असतो तर तुझ्याआधी मीच पेंगलो असतो.”