समुद्रफेस आणि माकूळ



लखनौत मराठी वक्ता उभा राहिला म्हणजे तो १९२६ च्या मॅरिस कॉलेजविषयी आणि भातखंड्यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र माकुळाविषयी बोलणार आहे.

समुद्रापासून इतक्या दूरही त्याची एक खूण आपल्या परिचयाची आहे. येथील हकीम ज्याला ‘समंदर झाग’ म्हणतात तो समुद्रफेस म्हणजे फेस नव्हेच. ते माकुळाच्या पाठीतील कवच होय. माकूळ या एका नावात आपण दोन भावंडे गोवतो. एकाच्या पाठीत हे कवच असते. दुसऱ्याच्या, म्हणजे स्क्विडच्या, पाठीत नुसती पारदर्शक पट्टी.

दोघांचेही आयुष्य जेमतेम वर्षा-दोन वर्षांचे. मादी समुद्रतळाशी मिळेल त्या आधाराला अंडी चिकटवते आणि वीण आटोपली की बहुधा आयुष्यही आटोपते. पुष्कळशा माशांच्या घरात तीन-चार पिढ्या एकत्र नांदतात. एखादी वीण बुडाली तरी वडीलधारे शिल्लक उरतात. माकुळाच्या घरात वडीलधारे नसतात. यंदाची अंडी हीच पुढली सारी पुंजी.

पाणी तापले की अंडी लवकर फुटतात, पण पिल्ले लहान निघतात. मर्यादेपलीकडे ती फुटतच नाहीत. अरबी समुद्र तापतो आहे. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळाशी प्राणवायू अतिशय घटतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली जगापुढे मांडले. मासे तेथून निघून जाऊ शकतात. चिकटवलेली अंडी कोठे जाणार?

तरीही माकूळ संपला, ही हाकाटी मला मान्य नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५३ ते २०१३ या काळात जगात या कुळातील प्राणी वाढलेलेच दिसले. अल्पायुषी जीव बदलाशी लवकर जुळवून घेतो. माझी चिंता निराळी आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नारळाच्या पोयी दोरीला बांधून समुद्रात सोडतात. अंड्यांसाठी आधार शोधणारा कवचवाला माकूळ तेथे जमतो आणि अंडी घालण्याच्या सुमारासच गळाला लागतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते खरी. परंतु माकुळाची वीण या दोन महिन्यांपुरती नसते.

त्या पोयींवरची मासेमारी काही आठवडे थांबवून अंडी फुटेपर्यंत त्या तशाच पाण्यात राहू दिल्या, तर मच्छीमारांचे किती नुकसान होईल? हा हिशेब त्यांच्यासोबत बसूनच मांडावा लागेल.