किती मुलाखती द्यायच्या?

(भिवंडीतील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत.)



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअरिंग केलं, कोड लिहून पोट भरतो. पण माझी धाकटी बहीण डॉक्टर आहे. महाराष्ट्रातल्याच एका सरकारी कॉलेजातून तिने एमबीबीएस केलं आणि पुढच्या ट्रेनिंगसाठी, म्हणजे रेसिडेन्सीसाठी, अमेरिकेत अर्ज केले. त्या वर्षी घरातला 'टेक्निकल माणूस' मी होतो. एक्सेल शीट माझं, कॅलेंडर माझं, आणि एक मोठी चूकही माझीच.

तेव्हापासून मला फोन येतात. "भाई, सात कॉल आलेत, सगळे देऊ का?" "भाई, दोनच आलेत, आता काय?" एकीने विचारलं, "पंधरा आलेत, तीन सोडले तर वेडेपणा होईल का?" प्रश्न एकच, किती मुलाखती द्यायच्या? आज त्यावरच बोलतो. तुमच्यातले सगळे डॉक्टर होणार नाहीत, पण नोकरी शोधणाऱ्यालाही हे लागू पडतं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरून एमबीबीएस केलेल्या डॉक्टरला तिथे आधी यूएसएमएलई परीक्षा द्याव्या लागतात. सप्टेंबरमध्ये अर्ज जातात. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात. मग तुम्ही हॉस्पिटलांची यादी पसंतीच्या क्रमाने देता, हॉस्पिटलं उमेदवारांची यादी देतात, आणि कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. याला 'मॅच' म्हणतात. ही पद्धत १९५२ पासून चालू आहे. २०२४ च्या मॅचमध्ये ४१ हजारांहून जास्त जागा होत्या. अमेरिकेबाहेर शिकलेले आणि तिथले नागरिक नसलेले जे डॉक्टर यात उतरतात, त्यांच्यातल्या शंभरातल्या साधारण ५८-५९ जणांनाच अलीकडच्या वर्षांत जागा मिळते. म्हणजे चाळीसच्या आसपास रिकाम्या हाताने परततात. यूएसएमएलई पास होऊनही. ही भीती खरी आहे, तिला मी खोटं म्हणणार नाही.

बहिणीचं वर्ष २०२३-२४ चं. पहिल्या तीन आठवड्यांत दोनच कॉल आले. अम्मी रोज विचारायची, "आला का गं मेल?" मग नोव्हेंबरमध्ये ओघ सुरू झाला आणि आकडा १४ वर गेला. आमच्या घरात ईदच झाली. मी शीटमध्ये १४ ओळी हिरव्या रंगवल्या.

तिने त्याच आठवड्यात सांगितलं, "भाईजान, यातले तीन मी सोडते. ते माझ्या यादीत तळाला असतील." मी तिला अडवलं. म्हणालो, "वेडी आहेस का? आपल्यासारख्यांना कोण विचारतं? आलेला कॉल सोडायचा नसतो." मोठा भाऊ बोलला, ती गप्प बसली.

२०२० पासून, कोविडनंतर, या मुलाखती बहुतेक ऑनलाइन होतात. आधी विमानाचं तिकीट, हॉटेल, थंडीचा कोट, सगळा खर्च होता. तो खर्च गेला म्हणून आपल्याला वाटतं, आता मुलाखत फुकट आहे. ती फुकट नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात असतात. मुलाखत दोन तास, कधी चार-पाच तास चालते. तिच्या आधी ते हॉस्पिटल वाचायचं, तिथले डॉक्टर कोण, पेशंट कुठले, व्हिसा कुठला देतात हे बघायचं. आणि आमच्या गल्लीत रात्री साचे चालू असतात. गाद्या उभ्या करून खिडकी बंद करायची, लाईट गेली तर मोबाईलचं इंटरनेट तयार ठेवायचं. एका मुलाखतीला निदान दोन दिवस जातात.

अब्बांचा लूमचा गाळा होता. एक कारागीर चार साचे बघायचा. ऑर्डर वाढली की अब्बा त्याला सहा द्यायचे. कापड जास्त निघायचं, पण तार तुटलेली वेळेवर दिसायची नाही, आणि व्यापारी तागे परत पाठवायचा. हे मी लहानपणापासून बघितलेलं. तरी बहिणीच्या बाबतीत मी तेच केलं.

डिसेंबरच्या एका आठवड्यात मी चार मुलाखती बसवल्या. त्यातल्या दोन एकाच रात्री, साडेसातला एक आणि साडेदहाला दुसरी. दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "आमच्याकडेच का यायचंय?" तिने पहिल्या हॉस्पिटलच्या गरीब पेशंटांच्या क्लिनिकबद्दल पाच मिनिटं छान बोलून घेतलं. समोरच्या बाई हसून म्हणाल्या, ते आमचं नाही. लॅपटॉप बंद करून ती बराच वेळ तशीच बसली. मग मला म्हणाली, "तुझ्या शीटमध्ये माझी झोप कुठल्या कॉलममध्ये आहे?"

दोन दिवसांनी पुढची मुलाखत होती. तीच, जी ती नोव्हेंबरमध्ये सोडणार होती. तिच्यात ताकद उरली नव्हती. आदल्या रात्री आम्ही मेल करून ती रद्द केली. मला वाटलं, विषय संपला.

जानेवारीत तिच्या बॅचमधल्या मैत्रिणीशी बोलणं झालं. त्या मुलीला फक्त दोन कॉल होते. ती म्हणाली, तिसऱ्या एका ठिकाणी मी वेटिंग लिस्टवर होते, शेवटपर्यंत नंबर लागला नाही. ते ठिकाण तेच होतं, जे आम्ही आदल्या रात्री रद्द केलं होतं.

त्या एका मुलाखतीने तिला जागा मिळालीच असती असं मी म्हणत नाही. वेटिंगवर तिच्या पुढे कोणी होतं का, तेही माहीत नाही. पण तो वेळ रिकामा गेला. एका रात्रीत कुणालाही बोलावणं हॉस्पिटलला शक्य नव्हतं. नोव्हेंबरमध्ये सोडला असता, तर कुणाला तरी नक्की मिळाला असता. मार्चमध्ये त्या मुलीची मॅच झाली नाही. माझ्या बहिणीने तो कॉल धरून ठेवला नव्हता. तो मी धरून ठेवला होता.

आता थोडं गणित करू. समजा, एका मुलाखतीतून जागा मिळण्याची शक्यता पाचात एक आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तुमचा वेगळा असेल. पाच मुलाखती दिल्या तर कुठेतरी जागा मिळण्याची शक्यता ६७ टक्के होते. दहा दिल्या तर ८९. पंधरा दिल्या तर ९६. वीस दिल्या तर सुमारे ९९. म्हणजे पहिल्या पाचांनी ६७ टक्के दिले. पुढच्या पाचांनी २२. त्यापुढच्या पाचांनी ७. आणि शेवटच्या पाचांनी जेमतेम २. मेहनत प्रत्येक वेळी तेवढीच, मिळकत मात्र घटत जाते.

यात एक खाच आहे, ती इंजिनिअर म्हणून सांगायलाच हवी. हे गणित प्रत्येक मुलाखत स्वतंत्र आहे असं धरून चालतं. पण तुमचं उत्तरच कच्चं असेल, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर तुम्ही पाठ केलेलं बोलत असाल, तर वीस ठिकाणी एकाच कारणाने नकार येईल. तिथे एकविसावी मुलाखत कामाची नाही. एक आठवडा थांबून सराव करा, कुणाला तरी समोर बसवून चुका काढायला लावा.

मग आकडा काय? माझं मत सांगतो. परदेशातून जाणाऱ्याने दहा-बारापर्यंत, जिथे खरंच जायची तयारी आहे, असा एकही कॉल सोडू नये. त्यापुढे गेलात की सोडायला सुरुवात करा, तळापासून. विषय खूप चुरशीचा असेल तर आकडा थोडा वाढेल. आणि प्रत्येक कॉलला हा प्रश्न लावा: फक्त हीच एक जागा मिळाली, तर मी जाईन का? उत्तर 'नाही' असेल तर तुमच्याकडे चारच कॉल असले तरी तो सोडा. कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो. यादीत लिहिलं आणि लागलं, की जावं लागतं.

सोडायचा असेल तर लवकर सोडा. निदान दोन-तीन आठवडे आधी, दोन ओळींचा नीट मेल करून. आपण आपली जागा हाताने मैत्रिणीला देऊ शकत नाही, पण वेटिंगवरच्या माणसाला बोलवायला हॉस्पिटलला वेळ देऊ शकतो.

ज्यांना दोनच कॉल आलेत त्यांच्यासाठी. गणित तुमच्या बाजूनेही बोलतं. तुमची तिसरी मुलाखत ही दुसऱ्या कुणाच्या तेराव्या मुलाखतीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. म्हणून लाजू नका. वेटिंगवर असाल तर नम्रपणे मेल करा, की बोलावलंत तर एका दिवसाच्या नोटिशीवरही मी तयार आहे. आणि दुसरा रस्ता उघडा ठेवा. नीट-पीजीचा अभ्यास बंद करू नका.

पसंतीची यादी करताना सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. "मोठं हॉस्पिटल वर टाकू नकोस, लागणार नाही, नंबर वाया जाईल." हे चूक आहे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवण्यावर एक छोटा निबंध लिहिला. मॅच त्याच विचारावर चालते. आल्विन रॉथ यांनी १९९० च्या दशकात तिची नवी रचना केली, ती १९९८ पासून वापरात आहे. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉम्प्युटर आधी तुमची पहिली पसंती बघतो. तिथे नाही जमलं तर दुसरी, मग तिसरी. आणि दुसऱ्या जागी पोचल्यावर तुम्ही आधी पहिलीकडे गेला होतात म्हणून तुमचा नंबर खाली ढकलला जात नाही. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिहा. चलाखी करून फायदा होत नाही, नुकसान होऊ शकतं.

इथल्या मुलांनी याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्याकडे पीजीला मुलाखत नसते, नीट-पीजीची रँक असते. अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसी आणि राज्यासाठी सीईटी सेल, दोन्हीकडे ऑनलाइन चॉईस भरायचे असतात. इथे पर्याय लिहायला ना रात्र जागावी लागते ना कुणाचा वेळ अडतो. म्हणून इथे हात आखडू नका, भरपूर चॉईस भरा. भिवंडीतली कितीतरी मुलं 'आपल्याला काय लागणार' म्हणून दहा-बारा नावांवर थांबतात. क्रम खरा ठेवा, आणि जिथे जाणारच नाही ते लिहू नका. कारण पुढच्या फेऱ्यांत सीट लागून तुम्ही गेला नाहीत, तर डिपॉझिट जाऊ शकतं आणि पुढच्या फेरीची दारं बंद होऊ शकतात. दर वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

आणि माझ्या इंजिनिअर भावांनो, तुम्हीही सुटत नाही. तीन ऑफर लेटर घ्यायची, जॉइनिंगच्या दिवशी एकाच ठिकाणी जायचं आणि बाकीच्यांचा फोन उचलायचा नाही, हे आपण करतो. पुढच्या वर्षी त्या कंपनीचा माणूस तुमच्या कॉलेजात येताना दोनदा विचार करतो. त्याचा फटका तुमच्या ज्युनिअरला बसतो.

"आपल्यासारख्यांना कोण विचारतं", हे वाक्य मी बहिणीला म्हणालो होतो. ते आपल्या घराघरांत बोललं जातं. त्याला कारणं आहेत, नाव बघून वागणूक बदलते हे आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलंय. पण या वाक्यामुळे आपण दोन उलट्या चुका करतो. एक जण अर्जच करत नाही. दुसरा मिळालेलं सगळं छातीशी धरून बसतो. आणि त्याने धरून ठेवलेल्या जागेची वाट बघणारी मुलगी कधीकधी आपल्याच बॅचमधली निघते.

बहिणीने उरलेल्यांतल्या दोन मुलाखती तीन आठवडे आधी सोडल्या. यावेळी मी काही बोललो नाही. एकूण अकरा दिल्या, त्यातली दहा नावं यादीत लिहिली. सोमवार, ११ मार्च २०२४. संध्याकाळी रमजानचा चांद दिसला होता, दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. रात्री मेल आला की मॅच झाली. शुक्रवारी कळलं, चौथी पसंती, इंटर्नल मेडिसिन. अम्मी रडली. बहिणीने आधी त्या मैत्रिणीला फोन लावला. काय बोलल्या ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता दर नोव्हेंबरमध्ये ती ज्युनिअर मुलींना एकच निरोप पाठवते: आज बसून यादी करा, आणि सोडायचं असेल ते याच आठवड्यात सोडा. तुमच्यातल्या ज्यांच्या हातात या क्षणी एकापेक्षा जास्त कॉल, ऑफर किंवा सीट आहे, त्यांनी आज घरी जाऊन हेच करावं.