कुलपातले औषध

कुलूप कशाला लावावे, असे विचारले तर आपण सांगाल, पैशाला, दागिन्यांना. औषधाला कुणी कुलूप लावते काय? लावते, आणि लावावेच लागते. मॉर्फिन हे त्यांपैकीच एक. कर्करोगाने जर्जर झालेल्या वृद्धाला त्याने रात्री झोप लागते; व्यसनी माणसालाही तेच हवे असते.

अमेरिकेत आजारी वृद्धांना कायमचे ठेवून घेणारी शुश्रूषागृहे आहेत. १९७० च्या कायद्याने तिथे अशा औषधांचे पाच वर्ग पाडले. दुसऱ्या वर्गात मॉर्फिन आणि फेंटानिल येतात. शुश्रूषागृहात यांच्या साठ्याला निराळा कप्पा, निराळे कुलूप; आणि कप्पा असा पक्का बसवलेला, की उचलून नेता येऊ नये. पाळी बदलताना जाणारी व येणारी अशा दोघी परिचारिकांनी मिळून गोळ्या मोजायच्या आणि सह्या करायच्या, अशी वहिवाट आहे.

आता पाहा, कुलूप अडवते ते बाहेरच्या चोराला. किल्ली ज्याच्या हाती, त्याचे काय? वहीत ‘दिली’ असे लिहून गोळी खिशात टाकली, तरी मोजदाद बरोबरच जमते! बिचारा म्हातारा मात्र कण्हत राहतो. पुष्कळदा त्याला धड सांगताही येत नाही. फेंटानिलची पट्टी अंगावरून काढल्यावरही तिच्यात औषध उरते. तिची विल्हेवाटही साक्षीदारासमक्षच लावलेली बरी. तेव्हा हिशेब दोन जागी पाहावा लागतो: वहीत आणि रोग्याच्या चेहऱ्यावर.

आपल्या देशात गोष्ट दुसऱ्या टोकाला गेली. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक, की परवान्यांच्या कटकटीपायी अनेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. चोरी टळली खरी, पण रोगी तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, मान्यता मिळालेल्या संस्थांना अशी अत्यावश्यक औषधे ठेवण्याची वाट सोपी झाली. कुलूप हवे ते चोरासाठी, रोग्यासाठी नव्हे.

आपल्या घरचे कुणी अशा ठिकाणी असेल, तर तीन गोष्टी जरूर विचारा. किल्ली कुणाकडे असते? मोजणी दोघे मिळून करतात ना? उरलेल्या औषधाचे काय होते? यात संशय घेण्यासारखे काही नाही. बँकेत आपण नोटा मोजून घेतो, तसेच हे. प्रामाणिक परिचारिकेलाही या मोजणीचाच आधार असतो; एखादी गोळी कमी भरली, तर तिच्यावर नाहक आळ येत नाही. आणि एवढे विचारून झाले, की म्हाताऱ्यापाशी बसून शेवटचा प्रश्न विचारा: “रात्री झोप लागली ना?”