गुऱ्हाळ लिहून बघा



बारामती-इंदापूरकडे कॉम्प्युटर शिकणारी मुलं आता घरोघरी आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

सुपात धान्य पाखडून खडे काढतात, तसं प्रोग्रॅम चालवण्याआधीच त्यातल्या चुका निवडून काढणारी टूल्स असतात. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली असं टूल लिहिलं. नाव ठेवलं लिंट, म्हणजे कापडाला चिकटलेले बारीक तंतू. पण हे सूपच नीट पाखडतं का, हेही कुणीतरी बघायला हवं.

२००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनी उसाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम मराठी नावांनी लिहिला आणि तो तपासायला एक छोटं टूलही स्वतःच तयार केलं. ‘टन’ हे नाव टूलनं बरोबर ओळखलं. सगळे खूश. मग आलं ‘किंमत’. टूलनं त्याचे दोन तुकडे केले: ‘क’ आणि ‘मत’! मुलांनी शब्द शोधायला पायथनमधलीच एक तयार खूण वापरली होती, आणि ती खूण वेलांटी-अनुस्वाराला अक्षरच मानत नाही. प्रोग्रॅम बिनचूक होता, चूक तपासणाऱ्याची होती.

त्याहून अवघड निघालं ‘गुऱ्हाळ’. यातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तर तयार अक्षर, नाहीतर र आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पायथन आतल्या आत दोन्हींना एकच रूप देतो, म्हणून प्रोग्रॅम चालतो. टूल मात्र म्हणत राहिलं, ‘हे नाव आधी कुठे आलेलंच नाही.’ ते शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली. उलट ‘ऊस१’ आणि ‘ऊस1’ ही पायथनच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत. ती टूलनं एक समजली, तर खरी चूक निसटेल.

माझं मत स्पष्ट आहे. नुसत्या इंग्रजी नावांवर तपासलेलं टूल अर्धंच तपासलेलं असतं. आपल्या लिपीतले हे बारकावे परदेशातल्या टूल लिहिणाऱ्याला सुचतीलच असं नाही. आपल्याला ते रोज दिसतात. तेव्हा मुलांनो, टूल कुणाचंही असो, चाचणीच्या फाइलमध्ये एक ओळ ‘गुऱ्हाळ’ची घाला, ऱ दोन्ही तऱ्हांनी टाइप करा, आणि चूक सापडली तर टूल बनवणाऱ्यांना नक्की कळवा.