पहाणीवर नाव कुणाचे?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून सीमाप्रश्नावर बोलले जाते, आरक्षणावर बोलले जाते. ती कामे चालू आहेत. आज आम्ही आपल्या घरातल्या ट्रंकेत पडलेल्या एका कागदावर बोलणार आहोत.

आपली घराणी इथली जुनी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. कमलनगरकडचा माल आजही उदगीरच्या मोंढ्यावर जातो, आणि उदगीरची सून भालकीत नांदते. तिकडे जमिनीचा सातबारा, इकडे पहाणी, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट तुटली नाही, ती म्हणजे आपली येळवस. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या लातूर-धाराशिवकडे होते, तशीच बिदर-गुलबर्ग्याकडेही होते. आपले कन्नड शेजारी तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेले. ज्वारी कंबरेएवढी झालेली, हरभरा घाट्यावर आलेला. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा, सोल्यांची भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. ज्याला शेत नाही, तोही त्या दिवशी उपाशी राहत नाही. मास्तर, दुकानदार, पोस्टमन, लिंगायत शेजारी, मुसलमान मित्र, सगळे कुणाच्या ना कुणाच्या कोपीत जेवतात. मुंबई-पुणे-हैदराबादला गेलेली पोरे दिवाळीला आली नाहीत तरी येळवसीला येतात. आपल्या लहान गावांचे गावपण कुठे टिकले असेल तर ते इथे, असे आम्हाला वाटते.

आता विचार करा, ज्या शेतात आपण ही पंगत मांडतो त्याच्या पहाणीवर नाव कुणाचे आहे? कित्येक घरांत उत्तर एकच येते: आजोबांचे. आजोबांना जाऊन वीस-पंचवीस वर्षे झाली. भावाभावांनी तोंडी वाटणी केली, बांध घातले, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या, आणि सगळे सुखाने चालले आहे. भांडण नाही म्हणून कागद केला नाही. आम्ही म्हणतो, भांडण नाही म्हणूनच कागद आत्ता करावा. चोवीस एकरांचे चार भाऊ होते तोवर सहा-सहा एकर सरळ होते. पुढच्या पिढीत बारा वाटेकरी झाले की दोन-दोन एकर येतात, आणि त्यातले निम्मे लोक एकमेकांना चेहऱ्यानेही ओळखत नाहीत. तेव्हा तोंडी वाटणीची साक्ष कोण देणार?

मेलेल्या माणसाच्या नावावर सोसायटीचे शून्य टक्क्याचे पीककर्ज नवे होत नाही. सरकारच्या 'फ्रूट्स' नोंदणीला पहाणी लागते. ती नोंदणी नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर तूर घेत नाहीत, नुकसानभरपाईही खात्यावर येत नाही. २०२२ साली तुरीवर मर रोग पडला. २०२५ च्या पावसाळ्यात मांजरा आणि भीमा काठाबाहेर आल्या. पीक कसणाऱ्याचे गेले, आणि मदत कागदावरच्या नावाला! दुसरी अडचण नावांची. पहाणीवर नाव आणि बापाचे नाव, आधारवर आडनाव. त्यात कन्नडमध्ये लिहिताना झालेली चूक. 'भूमी' योजनेत पहाण्या संगणकावर गेल्या त्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला, तरी आपल्यातले अनेक जण आपलीच पहाणी दुसऱ्याकडून वाचून घेतात. मराठी आपली आहे आणि ती आपण सोडणार नाही. पण पहाणी वाचण्यापुरते कन्नड घरातल्या एकाला तरी आलेच पाहिजे. सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ सालापासून आहे. निकाल कसाही लागो, दोन्हीकडचा तहसीलदार कागदच मागणार.

यावर महसूल खात्याने २०२५ साली ई-पौती मोहीम काढली. पौती म्हणजे आपली फौती, म्हणजे मृत्यू. शब्द आपलाच आहे, जुन्या दफ्तरातून दोन्ही भाषांत उरलेला. मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून वंशवृक्ष घेऊन सर्व वारसांची नावे चढवणे, ही पहिली पायरी. हिस्से वेगळे करायचे तर मोजणी करून ११-ई नकाशा, मग नोंदणी आणि पोडी. याला वेळ लागतो, पण कोर्टापेक्षा कमीच लागतो.

आता थोडे कडू बोलतो. वंशवृक्षात बहिणींची नावे गाळू नका. कर्नाटकाने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला, केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो हक्क जन्मापासूनचा ठरवला. साडीचोळी करून अंगठा घेण्याची रीत चालणार नाही, आणि चालूही नये. बहीण हक्क सोडणार असेल तर तिने समजून-उमजून, नोंदणी करून सोडावा. घेणार असेल तर तो तिचा आहे.

घाई का, तेही सांगतो. २०२० साली राज्याने जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेती विकत घेता येऊ लागली. रस्त्याकडेच्या जमिनींना बाहेरचे गिऱ्हाईक येते. बारा वाटेकऱ्यांतला कर्जात बुडालेला एक जण त्याला गाठून न वाटलेला हिस्सा विकतो, आणि उरलेले अकरा कोर्टाच्या पायऱ्या चढतात. विकायचेच असेल तर आधी भावकीला विचारावे, हे वाटणीपत्रातच लिहून घ्या. विहिरीची पाळी, मोटारीचे तास आणि शेताची वाटही त्यातच लिहा.

तेव्हा आमची सूचना अशी. येत्या येळवसीला सगळे वारस एकाच कोपीत जेवायला बसतील. वर्षातून हा एकच दिवस असा येतो. त्या दिवशी वाद नको, फक्त सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स आणि आजोबांच्या मृत्यूचा दाखला गोळा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून मंडळाच्या कार्यालयात कन्नड वाचणारे, अर्ज भरणारे कार्यकर्ते बसतील. त्यासाठी पैसे घेतले जाणार नाहीत. ज्यांची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांनी सातबाराही सोबत आणावा.