पावसाचें दप्तर

पावसाविषयींची माणसाची आठवण फारशी भरंवशाची नसते. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यांतील कोणत्याहि वयस्क गृहस्थास विचारावें. तो सांगेल कीं, पूर्वीसारखा पाऊस आतां राहिला नाहीं. त्याच ओटीवर बसलेला दुसरा गृहस्थ तितक्याच ठामपणें सांगेल कीं, असला पाऊस पूर्वी कधीं पडतच नव्हता. दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नसतो. एकास आठवते ती मृगापासून हस्तापर्यंत लागून राहिलेली संततधार. दुसऱ्यास आठवते ती एका रात्रींत रेल्वेचे रूळ पाण्याखालीं घालणारी मुसळधार. आठवण ठळक दिवस तेवढे जपते आणि साधे दिवस टाकून देते. पावसाचा हिशेब मात्र साध्या दिवसांवांचून पुरा होत नाहीं.

हा वाद केवळ ओटीवरचा असता तर त्याची चिंता करण्याचें कारण नव्हतें. परंतु या हिशेबावर पैसा, पीक आणि प्रसंगीं जीवितहि अवलंबून असतें. महाराष्ट्रांत एखाद्या महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, म्हणजे ती अतिवृष्टि समजली जाते, आणि नुकसानभरपाईचा विचार त्या नोंदीवरून होतो. घोलवड-डहाणूकडील चिकूचा बागाईतदार, पालघर तालुक्यांतील भातशेतकरी, सातपाटीचा मच्छीमार, तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील पाण्याचा निचरा आंखणारा अभियंता या सर्वांचा प्रश्न अखेर एकच असतो: किती पाऊस, केव्हां, आणि किती वर्षांत कितीदां?

या प्रश्नाचें उत्तर देणारें दप्तर आपल्या देशांत मोठ्या निष्ठेनें ठेविलें गेलें आहे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापन केली व १८४१ पासून तेथें हवामानाच्या नियमित नोंदी होऊं लागल्या. १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें अस्तित्वांत आलें. या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. त्यामुळें शिवाजीनगरांतील त्या इमारतीस व तिच्या चौकास पुणेकर आजहि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्य ठाणें पुढें १९४४ सालीं दिल्लीस गेलें, तथापि जुन्या नोंदींचें भांडार पुण्यासच राहिलें. ठाण्याठाण्यांवरच्या पर्जन्यमापकांतील पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजून वहींत लिहिणाऱ्या असंख्य कारकुनांचे आणि शिपायांचे श्रम त्या भांडारांत सांठले आहेत. पूर्वी हा पाऊस इंच व सेंट यांत लिहीत; दशमान पद्धति आल्यावर तो मिलिमीटरांत लिहूं लागले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हें सूत्र लक्षांत ठेविलें, म्हणजे आजोबांच्या वेळचा पाऊस नातवाच्या पावसाशीं ताडून पाहतां येतो.

वह्या होत्या, परंतु त्या सामान्य माणसाच्या हातीं येत नव्हत्या. आज ती स्थिति पालटली आहे. पुण्याच्या हवामान कार्यालयानें १९०१ पासूनचा रोजचा पाऊस एका चौकडीवर बसवून विनामूल्य खुला केला आहे. चौकडी याचा अर्थ असा कीं, देशाच्या नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या पाव पाव अंशावर उभ्या-आडव्या रेघा ओढावयाच्या, आणि जवळपासच्या पर्जन्यमापकांच्या आंकड्यांवरून त्या प्रत्येक छेदबिंदूचा पाऊस गणितानें काढावयाचा. या कामीं देशांतील ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी उपयोगांत आणल्या आहेत. पाव अंश म्हणजे सुमारें सत्तावीस किलोमीटर. पालघर आणि बोईसर या दोन्ही गांवांस सर्वांत जवळचा बिंदु एकच येतो: उत्तर अक्षांश १९.७५, पूर्व रेखांश ७२.७५. जव्हार घाटावर, सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर, म्हणून त्याचा बिंदु निराळा.

प्रत्येक वर्षाची एक धारिका असते. तींत पूर्व-पश्चिम १३५ व दक्षिणोत्तर १२९ बिंदूंचे आंकडे वर्षाच्या प्रत्येक दिवसाकरितां ओळीनें मांडलेले असतात. एका वर्षाचेच आंकडे त्रेसष्ट लक्षांवर जातात. सव्वाशें वर्षांची तर गोष्टच नको. हें काम हातानें होणारें नव्हे. येथें मुक्त संगणकप्रणाली उपयोगी पडते. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. जिची मूळ संहिता कोणासहि वाचतां येते, तपासतां येते, सुधारतां येते आणि दुसऱ्यास देतां येते, ती मुक्त प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंत या चळवळीचा पाया घातला. हॉलंडचे गीडो व्हान रॉसम यांची १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली ‘पायथॉन’ ही संगणकभाषा आणि न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं रचलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा, या दोन्ही त्याच वर्गांतील. पायथॉनमध्यें ‘आयएमडीलिब’ नांवाचा एक लहानसा ग्रंथसंच भारतीय अभ्यासकांनींच मुक्तपणें उपलब्ध केला आहे. त्याच्या साह्यानें पुण्याच्या धारिका उतरवून घेणें, त्यांतून १९.७५ व ७२.७५ हा बिंदु वेगळा काढणें आणि त्याची दिवसवार यादी करणें, हें चारसहा ओळींचें काम आहे. पालघरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास घरच्या साध्या संगणकावर तें एका संध्याकाळीं करतां येईल.

मुक्तपणाचें महत्त्व येथें पैशाच्या बचतीपुरतें नाहीं. कारखानदारानें नेमलेला तज्ज्ञ म्हणाला कीं, या नाल्यास एवढी रुंदी पुरे, तर गांवकऱ्यांनीं ती गोष्ट केवळ विश्वासानें मानावी काय? आंकडे खुले आणि गणिताची संहिताहि खुली असली, म्हणजे तोच हिशेब गांवांतील शिक्षकास पुन्हां करून पाहतां येतो. चूक निघाली तर ती ओळीवर बोट ठेवून दाखवितां येते. वाद मिटत नाहीं. पण तो आवाजावर न चालतां आंकड्यांवर चालूं लागतो.

तथापि आंकडे हातीं आले म्हणजे सत्य हातीं आलें, असें समजणें धोक्याचें आहे. या दप्तरांत नवख्यास फसविणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. त्यांतील चार तरी सांगितल्या पाहिजेत.

पहिली जागा रिकाम्या नोंदींची. जेथें पावसाचा आंकडा नाहीं, तेथें धारिकेंत उणे ९९९ ही खूण घातलेली असते. तपमानाच्या धारिकेंत ती खूण ९९.९ असते. ही खूण वगळल्यावांचून सरासरी काढली, तर आकाशांतून उणा पाऊस पडूं लागतो आणि उन्हाळा शंभर अंशांवर जाऊन बसतो.

दुसरी जागा दिवसाची. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळीं साडेआठास संपतो. १५ जुलैच्या नांवावर लिहिलेला पाऊस हा १४ तारखेच्या सकाळीं साडेआठपासून १५ तारखेच्या सकाळीं साडेआठपर्यंतचा असतो. युरोपच्या मध्यमपल्ला हवामानकेंद्रानें १९४० पासूनचें ताशी हवामान ‘ईआरए-५’ या नांवानें खुलें केलें आहे. त्याचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्रीं, म्हणजे येथील पहाटे साडेपांचास, उलटतो. म्हणून पुण्याच्या १५ तारखेची तुलना युरोपच्या १५ तारखेशीं केली, तर ती बहुतांशीं दोन निरनिराळ्या दिवसांची तुलना ठरते. युरोपचे ताशी आंकडे साडेआठ ते साडेआठ असे पुन्हां जुळवून घेणें, हाच त्यावरचा उपाय.

तिसरी जागा सरासरीची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास तो ७५ मिलिमीटरांच्याहि आंत राहिला. हीं दोन ठाणीं चौकडीच्या एकाच घरांत बसण्याइतकीं जवळ आहेत. त्या घरास एकच आंकडा द्यावयाचा, तर तो सांताक्रूझच्या प्रलयासहि न्याय देणार नाहीं आणि कुलाब्याच्या साध्या दिवसासहि नाहीं. चौकडीचा आंकडा हा प्रदेशाचा असतो, शेताचा नसतो. बोईसरच्या एखाद्या वाडींत भात वाहून गेलें व चौकडीवर त्या दिवशीं बेताचाच पाऊस दिसला, एवढ्यावरून शेतकरी खोटा ठरत नाहीं. महावेध योजनेखालीं महसूल मंडळांत बसविलेलीं स्वयंचलित केंद्रें आणि कृषि खात्याच्या मंडळवार नोंदी याकरितांच मोलाच्या होत. परंतु त्यांचा इतिहास अवघ्या कांहीं वर्षांचा आहे. दीर्घ दृष्टि चौकडीकडे, जवळची दृष्टि मंडळाकडे. दोन्ही दप्तरें शेजारीं शेजारीं ठेवूनच वाचावीं लागतात.

चौथी जागा काळाची. सव्वाशें वर्षांत पर्जन्यमापकांची संख्या एकसारखी राहिली नाहीं. कोठें नवे बसले, कोठें जुने बंद पडले. आंकड्यांत दिसणारा बदल आकाशाचा आहे कीं मोजणीचा, हें आधीं पारखावें लागतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील अभ्यासकांनीं अशी पारख करूनच २००६ व २०१७ सालीं असें दाखवून दिलें कीं, मध्य भारतांत अतिशय जोराच्या पावसाचे प्रसंग वाढले आहेत. २००६ च्या अभ्यासांत मध्यम पावसाचे प्रसंग घटल्याचेंहि दिसलें. म्हणजे ओटीवरचे दोघेहि गृहस्थ आपापल्या परीनें खरें बोलत असणें अशक्य नाहीं! पालघरपुरतें काय घडलें, हें मात्र पालघरच्याच बिंदूवर मोजून पाहिलें पाहिजे. परक्या प्रदेशाचा निष्कर्ष येथें उसना आणणें शास्त्रास मान्य नाहीं.

तारापुरास पावसाइतकेंच वाऱ्याचें महत्त्व आहे. येथील अणुवीजकेंद्रांतून १९६९ सालीं वीज मिळूं लागली. अशा केंद्राच्या आंखणींत वारा कोणत्या दिशेनें, किती वेगानें व वर्षाच्या कोणत्या ऋतूंत किती वेळ वाहतो, याचा हिशेब प्रथमपासून मांडावा लागतो. कारण हवेंत मिसळलेली कोणतीहि वस्तु वारा नेईल तिकडेच जावयाची. शेजारच्या रासायनिक कारखान्यांच्या धुरासहि हाच नियम लागू आहे. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून व रात्रीं जमिनीकडून वारा येतो, हें मच्छीमारास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु ‘ईआरए-५’ ची चौकडीहि तीस किलोमीटरांच्या सुमाराची असल्यामुळें हा खारा वारा तींत धूसर उमटतो. मोसमी वारे तींत नीट वाचावे. गांवच्या वाऱ्यासाठीं गांवांतील यंत्रच हवें. वादळांची गोष्ट निराळी. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांतील वादळांचे मार्ग १८९१ पासून हवामान खात्याच्या नकाशांत आंखलेले आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्यें मुंबईनजीक किनाऱ्यावर आलेलें वादळ आणि मे २०२१ मध्यें हा सारा किनारा घांसून गुजराथेस गेलेलें तौक्ते, यांच्या रेषा एकाच कागदावर काढून पाहतां येतात.

आतां या सर्व खटाटोपाचें फळ काय, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. प्रत्येक वर्षांतील सर्वाधिक पावसाचा एकेक दिवस निवडला, म्हणजे सव्वाशें वर्षांचे सव्वाशें आंकडे हातीं येतात. त्यांवरून संख्याशास्त्री असा पाऊस ठरवितो कीं, जो सरासरीनें शंभर वर्षांत एकदां गांठला जातो. ‘शंभर वर्षांचा पाऊस’ हा शब्दप्रयोग ऐकून पुष्कळांची समजूत होते कीं, तो एकदां येऊन गेला म्हणजे पुढें शंभर वर्षें घोर नाहीं. खरा अर्थ एवढाच कीं, कोणत्याहि एका वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत एक. ज्या गटाराचें वा पुलाचें आयुष्य तीस वर्षांचें, त्यावर त्या अवधींत असा पाऊस निदान एकदां येण्याचा संभव शंभरांत सव्वीस भरतो. म्हणजे जवळजवळ चारांत एक. शिवाय हें गणित काळ बदलत नाहीं असें गृहीत धरून केलेलें असतें. आणि काळ तर बदलतो आहे. म्हणून शहाणा अभियंता जुन्या पन्नास वर्षांचा व नव्या पन्नास वर्षांचा हिशेब वेगवेगळा मांडून पाहतो आणि मोठा निघेल तो आंकडा हिशेबांत धरतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा वयानें लहान आहे. त्याचें पावसाचें दप्तर मात्र सव्वाशें वर्षांचें आहे. त्यांतील प्रत्येक आंकडा कोणीतरी भिजत जाऊन मोजलेल्या पाण्यावर उभा आहे. तें दप्तर आतां खुलें आहे, तें वाचण्याचीं साधनेंहि खुलीं आहेत. जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांनीं आपापल्या गांवच्या बिंदूचा एकेक तक्ता करून ग्रामपंचायतींत लावला, तर नाल्याची रुंदी ठरवितांना, पीकविम्याचा अर्ज करतांना, किंवा पंचनाम्यावर सही करतांना गांवकऱ्यांच्या हातीं आठवणीपेक्षां भक्कम असें कांहीं असेल. आठवणीस कोणीहि नाकारूं शकतो. तारखेसह लिहिलेल्या मिलिमीटरांस उत्तर द्यावें लागतें.