‘नुसती नर्स?’ : शाळेतली नर्स व्हायचं म्हणून केलेला अर्ज

(या भागाचा लिखित मजकूर. बोलले ते बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जरा कमी केलेत.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे हेडफोन नीट लावा. आजचा विषय बरेच दिवस तुम्ही मागताय. ‘ताई, तू मायक्रोबायोलॉजी शिकलीस, मग मध्येच नर्सिंग कुठून आलं?’ हा मेसेज मला इतक्या वेळा आलाय की आज एकदाच सगळं सांगून टाकते. अर्ज कसा केला, कुठे आपटले, काय शिकले, सगळं.

सुरुवात शाळेच्या डब्याच्या सुट्टीपासून करू या.

तुम्हाला माहितीच आहे, मी न्यू जर्सीत राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. पहिली काही वर्षं व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. ग्रीन कार्ड आल्यावर जवळच्याच एका शाळेत लंच एड म्हणून लागले. काम काय, तर जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहायचं. कुणाचा दुधाचा डबा उघडून द्यायचा, कुणाचं भांडण सोडवायचं. एम.एस्सी. झालेली बाई दुधाचे डबे उघडतेय, असं मलाही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एक दिवस एक मुलगा माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील मी बदललेत, त्याचं कारण पुढे येईल.) म्हणाला, जीभ खाजतेय. ओठ जरा सुजलेले दिसत होते. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे आमच्या यादीत होतं. मी हाक मारली आणि शाळेच्या नर्सबाई आल्या. पळत नाही हं, भरभर चालत. त्यांनी त्याला बसवलं, हातातलं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलं, वेळ पाहिली आणि ९११ ला फोन करायला सांगितलं. मुलाला पाच मिनिटांत बरं वाटायला लागलं. तरी त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीच. कारण औषधाचा परिणाम ओसरल्यावर त्रास परत उलटू शकतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग घरी फोन. आईबाबा कामावर, फोन लागेना. घरी आजी होत्या, पुण्याहून आलेल्या. त्यांना इंग्रजी समजेना. नर्सबाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, ‘आजी, घाबरू नका, बाळ बोलतंय, हसतंय. वेळेवर इंजेक्शन दिलंय.’

आजी म्हणाल्या, ‘अगं पण सुई कुणी दिली? डॉक्टर आहेत का तिथं?’

‘नाही आजी, नर्स आहेत.’

पलीकडे एक क्षण शांतता. मग, ‘नुसती नर्स?’

आजींचा दोष नाही. आपल्याकडे आपण सगळे हेच बोलतो. पण मी समोर बघत होते. त्या ‘नुसत्या’ नर्सबाई एका हाताने मुलाची नाडी बघत होत्या आणि दुसऱ्या हाताने वेळ लिहीत होत्या. जवळच्या आठ-दहा मुलांना त्यांनी आवाज न चढवता दुसऱ्या टेबलावर पाठवलं होतं. इमारतीत तेव्हा वैद्यकीय शिक्षण झालेलं माणूस एकच होतं. दुसरं कुणी नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा गूगल केलं, की शाळेतली नर्स व्हायला काय लागतं.

थोडा इतिहास सांगते, कारण मला तो फार आवडतो. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये मुलांना शाळेतून घरी पाठवून देत. डोळे आलेत, खरूज झालीय, डोक्यात उवा आहेत, जा घरी. घरी उपचार नाहीत, त्यामुळे मूल आठवडेच्या आठवडे रस्त्यावर. लिलियन वॉल्ड नावाच्या नर्स तिथल्या गरीब वस्तीत काम करत होत्या. त्या म्हणाल्या, एक महिना आमची एक नर्स शाळेत ठेवून बघा. लीना रॉजर्स ही ती नर्स. तिच्याकडे चार शाळा दिल्या. ती शाळेतच मलमपट्टी करायची आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला समजावून सांगायची. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारपणामुळे घरी पाठवलेल्या मुलांची संख्या दहा हजारांच्या वर होती. पुढच्या सप्टेंबरात ती अकराशेच्या आसपास आली. म्हणजे शाळेतली नर्स ही मुळात मूल वर्गात राहावं म्हणून आली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला मुलाखतीत कामी आलं.

बरं, आता अर्जाकडे.

अमेरिकेत दुसऱ्या विषयातली पदवी असेल तर नर्सिंगला जायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक, अ‍ॅक्सिलरेटेड बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची दुसरी पदवी, साधारण वर्ष-दीड वर्षात. दुसरा, डायरेक्ट एंट्री मास्टर्स. त्यात आधी नर्सिंगची पदवी लागत नाही, थेट मास्टर्सला घेतात. दोन्हींच्या शेवटी एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा. ती पास झालात की राज्याचं लायसन्स मिळतं आणि तुम्ही रजिस्टर्ड नर्स होता. शाळेत काम करायचं तर त्यावर आणखी काय लागेल, हे राज्याराज्यात वेगळं आहे. न्यू जर्सीत शिक्षण विभागाचं स्कूल नर्सचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, त्याचा वेगळा अभ्यासक्रम असतो. म्हणून पहिला सल्ला: आधी तुमच्या राज्याच्या शिक्षण विभागाची वेबसाइट वाचा, मग कॉलेज निवडा. मी उलटं केलं.

पहिल्या वर्षी मी तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्ही मास्टर्सचे. कारण काय माहितीये? मास्टर्स म्हटलं की घरी सांगायला बरं वाटतं. ‘नर्सिंग करतेय’ म्हणण्यापेक्षा ‘मास्टर्स करतेय’. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘एम.एस्सी. करून शेवटी नर्सच व्हायचं होतं, तर आम्ही तुला कोल्हापूरला हॉस्टेलवर कशाला ठेवलं?’ मी चिडून म्हटलं, ‘आई, मास्टर्स आहे ते!’ म्हणजे ‘नुसती नर्स’ हे आजींच्याच नाही, माझ्याही डोक्यात होतं.

तिन्हीकडून नकार आला. एकापाठोपाठ एक, दहा दिवसांत. तिसरा ईमेल मी डब्याच्या सुट्टीत वाचला आणि मग दुधाचे डबे उघडायला गेले.

कुठे चुकलं, ते आता सांगते.

चूक पहिली, विषय. नर्सिंगला आधी काही विषय झालेले असावे लागतात. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिओलॉजीचे दोन भाग, तेही लॅबसकट, मग मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, मानसशास्त्र, बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन. मला वाटलं, मी तर मायक्रोबायोलॉजीवालीच, मला काय अडचण? पण बरीच कॉलेजं विज्ञानाचे विषय गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांतले असावेत असं म्हणतात. माझे बारा वर्षांपूर्वीचे. अ‍ॅनाटॉमी तर मी शिकलेच नव्हते. अर्जात लिहिलं होतं, ‘प्रवेश मिळाल्यावर पूर्ण करीन.’ त्यांनी वाचलं असेल आणि पुढचा अर्ज उघडला असेल.

चूक दुसरी, कागद. भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि तेही प्रत्येक विषयाचं वेगळं क्रेडिट दाखवणारं. साधं मूल्यांकन चालत नाही. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. काही ठिकाणी इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. माझ्याकडे एम.एस्सी. होती म्हणून मी सुटले. पण विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट यायला महिने गेले. बाबा तीन वेळा खिडकीवर जाऊन उभे राहिले. ज्या बाबांना हे सगळं फारसं पटलं नव्हतं, ते बाबा. भारतात असाल आणि बाहेर जायचा विचारही असेल, तर ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन जादा प्रती आत्ताच काढून ठेवा. आत्ताच.

चूक तिसरी आणि सगळ्यात मोठी, स्टेटमेंट. मी काय लिहिलं होतं? लहानपणापासून मला सेवेची आवड आहे. नर्सिंग हा पवित्र पेशा आहे. मला मुलं आवडतात. दोन पानं! त्यात मी कुठेच नव्हते. शाळेतल्या नर्सला रोज काय करावं लागतं, हे मला माहीत आहे याचा पुरावा एका ओळीतही नव्हता.

मग मी त्याच नर्सबाईंकडे गेले. त्यांनी स्टेटमेंट वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘तू रोज इथे असतेस. मग हे कुणी लिहिलंय?’

त्यानंतरचं वर्ष मी दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजमध्ये अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन्ही भाग केले. तिथली फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते. पहिल्या परीक्षेत मला सी मिळाला. हाडांची नावं बस स्टॉपवर पाठ केली, मुलीच्या खेळण्यातल्या सांगाड्यावर स्टिकर लावले. शेवटी ए मायनस आला. आणि दुसरं, नर्सबाईंचं काम नीट बघायला लागले. कुठल्या मुलाला काय झालंय हे मला कळणार नाही, इतकं लांबून.

लोकांना वाटतं शाळेतली नर्स म्हणजे बर्फाची पिशवी आणि बँडेज. अहो, एका मुलाला टाइप वन डायबिटीस आहे, त्याने डब्यातलं किती खाल्लं ते मोजून इन्सुलिन ठरतं. दम्याची मुलं आहेत. फिट येणारं मूल असेल तर काय करायचं याचा लेखी आराखडा असतो, आणि तो शिक्षकांना शिकवावा लागतो. लसीकरणाच्या नोंदी, डोळे, कान, पाठीचा कणा तपासणं, सगळं. आणि दर सोमवारी पोट दुखतं म्हणून येणारं मूल. त्याचं पोट बघायचंच, पण सोमवारच का, हेही बघायचं.

दुसरं स्टेटमेंट मी डब्याच्या त्या सुट्टीपासून सुरू केलं. फार छान झालं होतं! नर्सबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘यातून मुलगा काढ.’ मी हबकले. त्या म्हणाल्या, शाळेत कळलेली मुलाची आरोग्याची माहिती त्याची असते, ती आपली गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९७४ पासून याचा कायदाच आहे, फेर्पा. शाळेतल्या आरोग्याच्या नोंदीही त्यात येतात. वर्ग, वय, देश, आजींचं गाव, सगळं काढलं. मला वाटलं आता उरलं काय? उरलं ते माझं काम. मी काय पाहिलं, मला काय माहीत नव्हतं, आणि एका घाबरलेल्या बाईला तिच्या भाषेत मी काय सांगितलं. स्टेटमेंट अर्धं झालं आणि दुप्पट चांगलं झालं.

या वेळी चार अर्ज केले. दोन मास्टर्सचे, दोन अ‍ॅक्सिलरेटेडचे. एका मुलाखतीत विचारलं, ‘हॉस्पिटलमध्ये पगार जास्त मिळतो, मग शाळा का?’ मी लीना रॉजर्सचं सांगितलं. म्हटलं, हॉस्पिटलमध्ये मूल बरं होऊन घरी जातं. मला ते वर्गात परत गेलेलं बघायचंय.

निकाल असा: एक नकार, एक वेटलिस्ट, दोन होकार. एक होकार मास्टर्सचा, एक अ‍ॅक्सिलरेटेडचा. मी अ‍ॅक्सिलरेटेड घेतलं. लवकर संपतं, कर्ज कमी होतं, आणि स्कूल नर्सच्या प्रमाणपत्राला मला आधी मास्टर्सची गरज नाही. तुमचं गणित वेगळं असू शकतं. पुढे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं असेल तर मास्टर्सचा विचार नक्की करा. फक्त घरी सांगायला बरं वाटतं म्हणून कर्ज काढू नका.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. दुसऱ्या विषयातल्या पदवीवरून थेट नर्सिंगच्या एम.एस्सी.ला जाता येत नाही, त्यासाठी आधी नर्सिंगचंच शिक्षण लागतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, शिवाय सीईटी. दुसरा मार्ग जीएनएमचा. मुलांच्या आरोग्याचं काम आपल्याकडेही आहे. नवोदय विद्यालयांत स्टाफ नर्सचं पद असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या पथकात डॉक्टरांबरोबर नर्स असते, आणि हे पथक अंगणवाडी आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतं. बारावीत असाल आणि घरी ‘नुसती नर्स’ ऐकत असाल, तर हा भाग स्पीकरवर लावा.

शेवटचं सांगते. होकार आल्यावर आईला फोन केला. या वेळी ‘मास्टर्स’ वगैरे काही नाही. म्हटलं, ‘आई, मी नर्स होणार आहे. शाळेतली.’ आई जरा गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बाबा शेजारच्या काकांना सांगून आले सुद्धा. खिडकीवर तीनदा उभा राहिलो म्हणून मिळालं म्हणतायत.’

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतायत. तोवर मी दुधाचे डबे उघडतेच आहे.

तुमचे अर्ज, नकार, शंका, सगळं कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी देणार असाल तर शाळेचे नियम आधी वाचा. चला, येते मी!